एमबीए प्रवेशपरीक्षांसाठी प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षा देणारे विद्यार्थी, विशेषतः मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थी, इंग्रजी शब्दसंग्रहाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आयआयएम या व्यवस्थापन संस्थांची कॅट आणि जीमॅट व जीआरई या अमेरिकन परीक्षा यांवर भर आहे. स्नॅप आणि राज्याची सीईटी यांचा उल्लेख जेथे फरक पडतो तेथे केला आहे. परीक्षेचा आराखडा दरवर्षी थोडाफार बदलू शकतो, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रक वाचावेच.

कोणत्या परीक्षेत शब्दांच्या अर्थावर थेट प्रश्न येतात?

जीआरईमध्ये येतात. विरुद्धार्थी आणि उपमानाचे, म्हणजे शब्दजोड्यांतला संबंध ओळखण्याचे, जुने प्रकार 2011 मध्ये काढून टाकण्यात आले, मात्र रिकाम्या जागा भरण्याचे दोन प्रकार, म्हणजे 'टेक्स्ट कम्प्लिशन' आणि 'सेंटेन्स इक्विव्हॅलन्स', आजही आहेत आणि त्यांत शब्दज्ञानाची सरळ कसोटी लागते. आज अनेक बिझनेस स्कूल जीमॅटऐवजी जीआरईचे गुण स्वीकारतात, त्यामुळे एमबीएच्या उमेदवारालाही ही परीक्षा परकी राहिलेली नाही. पुण्याच्या सिम्बायोसिसच्या स्नॅपमध्ये 60 पैकी 15 प्रश्न इंग्रजीचे असतात आणि त्यांत समानार्थी शब्द, वाक्प्रचार, रिकाम्या जागा हे प्रकार दिसतात. महाराष्ट्र राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए सीईटीत 200 पैकी 50 प्रश्न भाषिक क्षमतेचे असतात. तेथेही शब्दांना वाव आहे.

जीमॅटमध्ये मात्र थेट शब्दार्थ विचारला जात नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात वाक्यदुरुस्तीचा भागही गेला. भाषेच्या विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न असतात आणि ते सगळे उताऱ्यावरील आकलनाचे किंवा युक्तिवादाच्या परीक्षणाचे असतात. कॅटचेही तसेच. परीक्षा कागदावर होत असे त्या काळात, म्हणजे 2008 पर्यंत, शब्दार्थ आणि शब्दप्रयोग जुळवण्याचे प्रश्न कॅटमध्ये दिसत. अलीकडच्या वर्षांत भाषेच्या विभागातील 24 प्रश्नांपैकी 16 उताऱ्यांवर आणि उरलेले परिच्छेदांची जुळणी, सारांश अशा स्वरूपाचे असतात.

थेट विचारत नाहीत, तर मग शब्दांवर वेळ का घालवायचा?

कारण उतारा शब्दांनीच बनलेला असतो, आणि पर्यायही. कॅटच्या उताऱ्यावरचा प्रश्न चुकलेला विद्यार्थी 'उतारा समजला होता, दोन पर्यायांत घोटाळा झाला' असे सांगतो. त्या दोन पर्यायांकडे नीट पाहिले तर बहुतेक वेळा फरक एका विशेषणात किंवा क्रियापदात असतो. एका पर्यायात लेखक एखादे मत 'रिफ्यूट' करतो, म्हणजे पुराव्यानिशी खोडून काढतो. दुसऱ्यात तो ते मत 'क्वेश्चन' करतो, म्हणजे केवळ शंका घेतो. उताऱ्यात लेखकाने नुसती शंका घेतली असेल, तर पहिला पर्याय चूक आहे, मग बाकीचे वाक्य कितीही सुसंगत असो. शब्द 'माहीत असणे' आणि त्या शब्दाचे वजन ओळखता येणे यांतील अंतर येथे गुणांत मोजले जाते.

किती शब्द पाठ करावेत? तीन हजारांची यादी पुरेशी आहे का?

बाजारात आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मोठ्या याद्यांचा सर्वांत मोठा तोटा असा, की त्या विद्यार्थ्याला पान उलटल्याचे समाधान देतात. तीन हजार शब्दांपैकी प्रत्येकाचा एकेक अर्थ ओझरता ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यापेक्षा, सात-आठशे शब्द आतून-बाहेरून ओळखणारा विद्यार्थी जीआरईतही पुढे राहतो, आणि कॅट किंवा जीमॅटमध्ये तर निश्चितच राहतो. आतून-बाहेरून म्हणजे काय? त्या शब्दाचे किमान दोन अर्थ, तो कशाबद्दल वापरतात आणि कशाबद्दल वापरत नाहीत, त्यात स्तुतीची छटा आहे की निंदेची, आणि त्याच्या शेजारी कोणते शब्द हटकून येतात, एवढे सांगता आले पाहिजे.

कॅट किंवा जीमॅट देणाऱ्याने 'सेस्क्विपेडेलियन' किंवा 'पल्क्रिट्यूड' असल्या शोभेच्या शब्दांमागे लागू नये. जीआरई देणाऱ्यानेही ते शेवटी घ्यावेत.

शब्दासमोर मराठी अर्थ लिहून पाठ करणे चुकीचे आहे का?

मराठी अर्थ लिहिणे चुकीचे नाही. एकाच मराठी शब्दावर थांबणे चुकीचे आहे. 'फ्रूगल', 'थ्रिफ्टी', 'पार्सिमोनियस' आणि 'मायझर्ली' या चारही शब्दांसमोर अनेक वह्यांत 'कंजूष' असे एकच उत्तर सापडते. मराठीत काटकसरी माणसाचे कौतुक होते आणि कद्रू माणसाला नावे ठेवली जातात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीतही 'फ्रूगल' आणि 'थ्रिफ्टी' काटकसरीच्या बाजूचे आहेत, 'मायझर्ली' हा कद्रूपणाच्या बाजूचा आहे, आणि 'पार्सिमोनियस' बहुधा त्याच बाजूला झुकतो. मात्र विज्ञानविषयक उताऱ्यात एखाद्या सिद्धान्ताला 'पार्सिमोनियस' म्हटले असेल तर ती स्तुती असते, कारण कमीत कमी गृहीतकांत तो सिद्धान्त जास्तीत जास्त गोष्टी उलगडून दाखवतो, असा तेथे अर्थ होतो. म्हणजे मराठी अर्थ लिहायचाच, पण मराठीतल्या छटांची सगळी श्रीमंती वापरून लिहायचा. 'लोक्वेशस'ला बोलका, 'गॅर्युलस'ला वाचाळ, 'टॅसिटर्न'ला अबोल, 'लॅकॉनिक'ला मोजके बोलणारा. शिवाय प्रत्येक शब्दाखाली वाचनात प्रत्यक्ष भेटलेले एक इंग्रजी वाक्य हवेच. स्वतः रचलेल्या वाक्यात शब्दाची चूक तशीच घोटली जाण्याचा धोका असतो, म्हणून वाक्य वाचनातले किंवा चांगल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातले घ्यावे.

अवघड शब्द येतात, पण सोप्या शब्दांनी उतारा अडतो. असे का होते?

हा प्रश्न फार थोडे विद्यार्थी विचारतात, आणि खरे तर तो सर्वांत महत्त्वाचा आहे. अवघड शब्द दिसला की आपण सावध होतो. सोपा शब्द आपल्याला ठाऊक असलेल्या अर्थाने वाचून पुढे जातो, आणि वाक्य उलटे झाल्याचे लक्षातही येत नाही.

'क्वालिफाय' घ्या. स्पर्धेत पात्र ठरणे एवढाच अर्थ आपल्याला ठाऊक असतो. उताऱ्यात लेखकाने आपले विधान 'क्वालिफाय' केले असेल, तर त्याने त्या विधानाला मर्यादा घातली, अटी जोडल्या, असा अर्थ होतो. त्यामुळे 'क्वालिफाइड अप्रूव्हल' म्हणजे पात्र व्यक्तीने दिलेली मंजुरी नसून हातचे राखून दिलेली संमती असते. लेखकाच्या भूमिकेवरच्या प्रश्नात हा पर्याय वारंवार दिसतो आणि अनेकदा तोच बरोबर असतो. 'चेक' आणि 'अरेस्ट' ही क्रियापदे रोखणे या अर्थाने येतात. रोगाची वाढ 'अरेस्ट' होते, सत्तेला 'चेक' बसतो. 'टेम्पर' म्हणजे राग हे खरे, पण टीका 'टेम्पर' करणे म्हणजे ती सौम्य करणे. 'वॉन्ट' हे नाम असेल तर त्याचा अर्थ उणीव. 'नॉव्हेल' हे विशेषण असेल तर नवीन, अभिनव. कादंबरीचा तेथे काहीही संबंध नाही. 'अकाउंट' म्हणजे एखाद्या घटनेचे केलेले विवेचन किंवा वृत्तान्त. 'अकॅडेमिक' हा शब्द कधी विद्यापीठीय, तर कधी प्रत्यक्षात फरक न पाडणारा, केवळ चर्चेपुरता, या अर्थाने येतो. 'पॉप्युलर बिलीफ' म्हणजे लोकप्रिय श्रद्धा नव्हे, लोकांत रूढ असलेला समज. आणि उताऱ्यात लोकसमज सांगितला की पुढे तो खोडला जाण्याची शक्यता दाट असते.

यात आणखी एक गट आहे, आणि तो आपल्याकडच्या बोलण्यातून आलेला आहे. रोजच्या मराठीत आपण जे इंग्रजी शब्द सर्रास वापरतो, त्यांचे अर्थ वापरातून थोडे सरकलेले असतात. 'उगाच आर्ग्युमेंट करू नकोस' असे म्हणताना 'आर्ग्युमेंट' म्हणजे वाद, भांडण. जीमॅटच्या युक्तिवाद परीक्षणात 'आर्ग्युमेंट' म्हणजे कारणांसह मांडलेला निष्कर्ष, आणि या अर्थाची सवय झाल्याशिवाय तो विभाग सुटतच नाही. 'टेन्शन' म्हणजे आपल्याकडे काळजी. उताऱ्यात दोन विचारांमधले 'टेन्शन' म्हणजे त्यांच्यातला ताण, परस्परविरोध. पेशंट 'क्रिटिकल' आहे हे आपण घाबरून म्हणतो. पण 'क्रिटिकल एसे' हा समीक्षात्मक निबंध असतो आणि 'क्रिटिकल फॅक्टर' हा निर्णायक घटक असतो. 'डिसेंट' पगार म्हणताना आपल्याला चांगला पगार अभिप्रेत असतो, तर पुष्कळ उताऱ्यांत त्याचा अर्थ ठीकठाक, पुरेसा एवढाच होतो.

काही शब्दांत तर दोन परस्परविरुद्ध अर्थ एकत्र नांदतात. कर्ज 'सँक्शन' झाले म्हणजे मंजूर झाले, पण एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादले म्हणजे निर्बंध लादले. 'ओव्हरसाइट' म्हणजे नजरचूक आणि 'ओव्हरसाइट'च म्हणजे देखरेख. नियामक संस्थेच्या 'ओव्हरसाइट'विषयी उतारा असेल तर लेखक तिची चूक दाखवतो आहे की तिचा अधिकार सांगतो आहे, हे शेजारच्या शब्दांवरूनच ठरवावे लागते.

'ऑल बट', 'फॉर ऑल', 'इफ' अशा बारीक शब्दांचा वेगळा अभ्यास करावा का?

अवश्य करावा. शब्दसंग्रहाच्या कोणत्याही यादीत ते नसतात आणि अर्थाची दिशा तेच फिरवतात. 'ऑल बट डेड' म्हणजे जवळजवळ मेलेला, 'एनिथिंग बट सिंपल' म्हणजे सोपा मुळीच नाही असा, आणि 'नथिंग बट ट्रबल' म्हणजे त्रासाशिवाय दुसरे काही नाही. तीनही ठिकाणी 'बट'च आहे, पण 'पण' हा अर्थ एकाही ठिकाणी चालत नाही.

'फॉर ऑल इट्स ब्रिलियन्स' याचा अर्थ 'त्याच्या सगळ्या तेजासाठी' असा लावला की पुढचे वाक्य कोसळते. अर्थ आहे 'एवढे तेज असूनही'. त्याचप्रमाणे एखाद्या ग्रंथाला 'युजफुल, इफ इनकम्प्लीट, अकाउंट' म्हटले असेल तर 'अपूर्ण असले तरी उपयुक्त विवेचन' असा अर्थ होतो. येथला 'इफ' म्हणजे 'जर' नव्हे. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतला फरक मराठीत 'फारसे नाहीत' आणि 'काही आहेत' असा बोलून पाहिला की मनात पक्का बसतो.

युक्तिवादाच्या प्रश्नांत 'इफ' आणि 'ओन्ली इफ' यांचा गोंधळ हा नेहमीचाच. येथे मराठी आपल्याला इंग्रजीपेक्षा स्वच्छ साधन देते. 'पाऊस पडला तर पेरणी होते' आणि 'पाऊस पडला तरच पेरणी होते' या दोन वाक्यांतला फरक गावाकडच्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात पाऊस पुरेसा आहे, दुसऱ्यात पाऊस आवश्यक आहे पण त्याने पेरणीची हमी मिळत नाही. जीमॅटच्या कितीतरी प्रश्नांतला सापळा नेमका या दोन विधानांच्या अदलाबदलीवर रचलेला असतो. 'ओन्ली इफ' दिसले की मनात 'तरच' म्हणावे, 'अनलेस' दिसले की 'नसेल तर' म्हणावे.

लेखकाचा सूर ओळखण्याच्या प्रश्नांसाठी कोणते शब्द हवेत?

पंचवीस-तीस शब्द पुरतात, पण त्यांच्या जोड्या शेजारी-शेजारी ठेवून शिकाव्यात. 'स्केप्टिकल' माणूस पुरावा मागतो. 'सिनिकल' माणसाला इतरांच्या हेतूंवरच विश्वास नसतो. 'अँबिव्हॅलंट' म्हणजे मनात एकाच वेळी दोन विरुद्ध भावना असलेला, तर 'इंडिफरंट' म्हणजे ज्याला काहीच वाटत नाही असा. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नसल्यामुळे निःपक्षपाती. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही असा. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा हवा, दुसऱ्या प्रकारचा नको.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परीक्षेसाठी निवडलेले उतारे बहुधा विद्वत्तापूर्ण निबंधांतले असतात आणि तसे लेखक टोकाची भावना क्वचितच व्यक्त करतात. त्यामुळे 'कंटेम्प्च्युअस' (तुच्छतेचा) किंवा 'यूफोरिक' (हर्षोन्मत्त) असे टोकाचे पर्याय निवडण्याआधी उताऱ्यात त्याला आधार देणारा नेमका शब्द दाखवता येतो का, हे तपासावे. दाखवता आला नाही, तर पर्याय सोडावा.

धातू आणि उपसर्ग शिकून शब्दांचे अर्थ ओळखता येतात का?

पुष्कळदा येतात, आणि ही पद्धत मराठी विद्यार्थ्याला नवी नाही. 'हार'पासून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार असे शब्द उपसर्ग लावून होतात हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. लॅटिनमधून आलेला 'बेने' हा आपल्या 'सु'सारखा आणि 'माल' हा 'दुर्'सारखा वागतो. त्यामुळे 'बेनिव्हॅलंट' हितचिंतक आणि 'मॅलेव्हॅलंट' दुष्टबुद्धी. बोलण्याशी संबंधित लॅटिन धातूपासून 'इलोक्वंट', 'लोक्वेशस', 'सर्कमलोक्यूशन', 'ग्रँडिलोक्वंट' एवढे कुटुंब तयार होते. विश्वासाच्या धातूपासून 'क्रेडिट', 'क्रेडन्स', 'क्रेडिबल', 'क्रेड्युलस' येतात. संस्कृतातली 'श्रद्धा' त्याच प्राचीन मुळाशी जोडलेली आहे, हे कळल्यावर हे कुटुंब विसरणे कठीण जाते. तेथेही 'क्रेडिबल' म्हणजे विश्वासार्ह आणि 'क्रेड्युलस' म्हणजे कोणावरही चटकन विश्वास ठेवणारा, हा फरक सोडू नये.

पण मुळावरून केलेला अंदाज हा अंदाजच असतो. 'नॉइसम' म्हणजे गोंगाटाचा नव्हे, किळसवाणा, दुर्गंधीयुक्त. 'एनर्व्हेट' म्हणजे बळ देणे नव्हे, शक्ती काढून घेणे. 'रेस्टिव्ह' म्हणजे विसावलेला नव्हे, उलट अस्वस्थ, ताब्यात न राहणारा. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे मोल होऊ न शकणारे, म्हणजेच अनमोल. जीआरईच्या पर्यायांत असे शब्द मुद्दाम ठेवलेले असतात, म्हणून या फसव्या शब्दांचे वहीत स्वतंत्र पान असावे.

जीआरईमधील 'सेंटेन्स इक्विव्हॅलन्स' सोडवण्याची योग्य रीत कोणती?

सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की दोन्हींनी वाक्य पूर्ण होईल आणि अर्थ सारखाच राहील. दोन्ही बरोबर असतील तरच गुण मिळतो; एक बरोबर असण्याचा काहीही उपयोग नाही.

समजा वाक्याचा आशय असा आहे : नवे संचालक मितभाषी आहेत अशी ख्याती होती, परंतु पहिल्याच बैठकीत ते इतके अमुक निघाले की विषयपत्रिकेतला एकही मुद्दा पूर्ण झाला नाही. पर्याय आहेत 'टॅसिटर्न', 'लोक्वेशस', 'इरुडाइट', 'लॅकॉनिक', 'गॅर्युलस' आणि 'बिनाइन'. पर्यायांकडे आधी पाहिले तर 'टॅसिटर्न' आणि 'लॅकॉनिक' ही जवळची जोडी लगेच डोळ्यांत भरते, आणि वाक्यात 'मितभाषी' हा आशय असल्याने ती बरोबरही वाटते. म्हणूनच पर्याय हाताने झाकून आधी वाक्य वाचावे. 'परंतु' दिशा उलटवतो, 'एकही मुद्दा पूर्ण झाला नाही' हे कारण सांगते, आणि रिकाम्या जागी मनात आपोआप 'बडबडे' असा शब्द येतो. आता पर्याय उघडले की 'लोक्वेशस' आणि 'गॅर्युलस' हीच जोडी उरते. 'इरुडाइट', म्हणजे विद्वान, हा शब्द संचालकांना शोभेलही, पण वाक्यात त्याला आधार नाही आणि सोबतीला समानार्थी पर्यायही नाही. ज्याला जोडीदार नाही तो पर्याय बहुधा सोडता येतो. मात्र जोडी जुळते एवढ्या कारणाने ती निवडू नये.

जीआरईत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा कोणताही प्रश्न कोरा ठेवू नये. राज्याच्या सीईटीतही कापले जात नाहीत. स्नॅपमध्ये चुकीला पाव गुण जातो, आणि कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास तीन गुणांच्या प्रश्नामागे एक गुण जातो, त्यामुळे शब्द अजिबात ओळखीचा नसताना तेथे अंदाज बेताने करावा.

मराठी माध्यमातून शिकल्यामुळे मी मागे पडतो का?

वाचनाचा वेग सुरुवातीला कमी असतो, हे खरे आहे आणि ते मान्य करूनच तयारी आखावी लागते. परंतु शब्दसंग्रहाच्या बाबतीत आपल्याजवळ काय आहे याची जाणीव विद्यार्थ्यांना नसते. ज्याने बारावीला अर्थशास्त्र मराठीतून शिकले, त्याला मागणीची लवचिकता, सीमांत उपयोगिता, तरलता, अवमूल्यन या संकल्पना आधीच समजलेल्या आहेत. त्याला 'इलॅस्टिसिटी', 'मार्जिनल युटिलिटी', 'लिक्विडिटी', 'डीव्हॅल्युएशन' ही फक्त नवी नावे शिकायची आहेत. इंग्रजी माध्यमातल्या ज्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र घेतलेलेच नाही, त्याला नाव उच्चारता येईल, पण संकल्पना नव्याने समजून घ्यावी लागेल. मराठीतून शिकलेल्याने आपली जुनी पाठ्यपुस्तके काढून त्यांतल्या पारिभाषिक शब्दांची इंग्रजी रूपे शेजारी लिहिली, तर व्यवसायविषयक उताऱ्यांतला मोठा भाग काही आठवड्यांत हाताशी येतो.

त्यानंतर व्यवसायविषयक उताऱ्यांत नेहमी भेटणारे पण पाठ्यपुस्तकात नसलेले शब्द घ्यावेत. 'इन्कम्बंट' हा त्यांतला एक. राजकारणात तो पदावर असलेली व्यक्ती, आणि व्यवसायात बाजारपेठेत आधीपासून पाय रोवून बसलेली कंपनी. शिवाय एखादी गोष्ट कोणावर 'इन्कम्बंट' असणे म्हणजे ती त्याचे कर्तव्य असणे. 'अ‍ॅट्रिशन' म्हणजे कर्मचारी सोडून जाण्याने होणारी गळती. 'फिड्युशिअरी' म्हणजे दुसऱ्याच्या हितासाठी विश्वस्त म्हणून जबाबदारी सांभाळणारी व्यक्ती, आणि विशेषण असेल तर अशा जबाबदारीसंबंधीचा.

काय वाचावे?

वर्तमानपत्रातील अग्रलेखाने सुरुवात ठीक आहे, पण तेथेच थांबू नये, कारण अग्रलेखाची शब्दकळा ठरावीक असते. कॅटचे उतारे इतिहास, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, पर्यावरण, कलासमीक्षा अशा विषयांतून येतात आणि त्यांची वाक्ये लांब व उपवाक्यांनी भरलेली असतात. म्हणून ज्या विषयाचा आपल्याला कंटाळा येतो त्या विषयावरचा एक दीर्घ निबंध दर दोन-तीन दिवसांनी वाचावा. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू नये. अनोळखी शब्दाखाली रेघ मारावी, संदर्भावरून अर्थ समासात लिहावा आणि मगच शब्दकोश पाहावा. परीक्षेत शब्दकोश नसतोच. तेथे वापरायचे कौशल्य हे समासात अर्थ लिहिण्याचेच आहे. जीमॅट आणि कॅटच्या जुन्या अधिकृत प्रश्नांचे उतारे मात्र शब्द शोधण्यासाठी दुसऱ्यांदा वाचावेत, कारण प्रश्न तयार करणाऱ्यांची शब्दांची आवड तेथेच कळते.

शब्द आठवड्याभरात विसरतात. लक्षात कसे ठेवावेत?

विसरणे स्वाभाविक आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवून दिले होते की शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एकाच दिवशी पन्नास वेळा घोकण्यापेक्षा, वाढत्या अंतराने थोडी-थोडी उजळणी करणे फलदायी ठरते. झेबास्टियान लाइटनर याने 1972 मध्ये यासाठी एक साधी पेटीची पद्धत सुचवली, आणि ती आजही घरी पुठ्ठ्याच्या खोक्यात करता येते. खोक्याचे पाच कप्पे करावेत. नवे शब्दपत्रक पहिल्या कप्प्यात जाते. आठवले की पुढच्या कप्प्यात, आणि कोणत्याही टप्प्यावर विसरले की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, पुढचे त्याहून उशिरा पाहावेत. मोबाइलवरची उजळणीची अ‍ॅप याच तत्त्वावर चालतात.

पत्रकाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहू नये. रिकामी जागा ठेवलेले वाक्य लिहावे आणि मागे शब्द, छटा व त्याचा फसवा शेजारी लिहावा. शिवाय पत्रक उलटण्यापूर्वी उत्तर मनातून काढण्याचा खरा प्रयत्न झाला पाहिजे. नुसते पुन्हा वाचल्याने शब्द ओळखीचा वाटतो, आठवत नाही.

अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीतील फरकाने काही बिघडते का?

क्वचित, पण बिघडते तेव्हा अर्थ उलटा होतो. जीमॅट आणि जीआरई या अमेरिकन परीक्षा आहेत. आपल्याकडे प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो पटलावर ठेवणे, चर्चेला घेणे. अमेरिकेत त्याचा अर्थ तो लांबणीवर टाकणे असा होतो. 'मूट पॉइंट' हा आपल्याकडे वादाचा मुद्दा, तर अमेरिकन वापरात बहुधा आता अर्थ न उरलेला मुद्दा. वर्णलेखनातील फरकाची काळजी करू नये.

लेखी चाचणी आणि मुलाखतीत हे शब्द वापरावेत का?

गरज असेल तेथे नेमका शब्द जरूर वापरावा, पण जड शब्दांची पेरणी करू नये. आयआयएमच्या लेखी चाचणीत किंवा जीआरईच्या 30 मिनिटांच्या निबंधात परीक्षक विचारांची सुसूत्रता पाहतात. ज्या शब्दाचा उच्चार किंवा वापर याविषयी मनात शंका आहे, तो मुलाखतीत उच्चारू नये. पॅनेलमधील प्राध्यापकांनी त्याचाच अर्थ विचारला तर चर्चा तेथेच अडकते.

परीक्षेला थोडेच आठवडे उरले असतील तर काय सोडावे आणि काय धरावे?

कॅट साधारणतः नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. ऑक्टोबरच्या अखेरीस तयारी सुरू करणाऱ्याने नवी यादी हाती घेऊच नये. सराव परीक्षांत चुकलेले भाषेचे प्रश्न काढावेत, प्रत्येक चुकीमागे कोणता शब्द होता ते शोधावे आणि तेवढेच शब्द, सूर दाखवणारे शब्द आणि 'ऑल बट'सारखे जोडशब्द पक्के करावेत. राज्याची सीईटी किंवा स्नॅप देणाऱ्याने यांत नेहमीचे वाक्प्रचार आणि समानार्थी शब्दांची उजळणी वाढवावी. जीआरईची तारीख मात्र उमेदवार स्वतः निवडतो. तेव्हा तेथे शब्दांची तयारी अपुरी वाटत असेल, तर मुदतीत तारीख पुढे ढकलणे हाच शहाणपणाचा पर्याय आहे, मात्र प्रवेश अर्जाची शेवटची तारीख आणि गुणपत्रिका संस्थेपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ आधी तपासून घ्यावा.